आमच्या फॉरेस्टात झाडं नाहीत

"अरे, पण जंगल कुठंय?"

गाडीवरून उतरल्या उतरल्या माझ्या ऑफिसमधल्या मित्रानं हेच विचारलं. तो पक्का पुणेकर. आधीच्या आठवड्यात त्यानं मेसेज केला होता, "तुमच्या बारामतीकडं एखादा हिडन स्पॉट आहे का? गर्दी नसलेला, सकाळी चालायला?" मी लिहिलं, "आहे की. फॉरेस्टात जाऊ." डिसेंबरची थंडी होती. जळोचीतून पहाटे पाचला निघालो, एमआयडीसीचे दिवे मागं टाकले, शिर्सुफळच्या बाजूला पाऊण तास गाडी हाणली आणि एका वस्तीजवळ लावली. समोर काय, तर पिवळं गवत, मुरूम, लांब दोन हिवर, चार बाभळी आणि ढीगभर आभाळ.

चूक त्याची नव्हती. शब्दाचा घोळ आमच्याकडचा आहे. बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात 'फॉरेस्ट' म्हणजे वनखात्याची जमीन. तिथं झाड असो वा नसो. "फॉरेस्टात मेंढरं घातली म्हणून गार्डनं धरलं", "फॉरेस्टाच्या कडंकडंनं रस्ता हाय", अशी वाक्यं ऐकत आम्ही मोठे झालो. त्यामुळे झाड नसलेलं फॉरेस्ट यात आम्हाला कधी विचित्र वाटलंच नाही.

विचित्र वाटलं ते बाहेरच्यांना. आणि बाहेरच्यांचं ऐकून ऐकून मग आम्हालाही. 'जंगल कुठंय' या प्रश्नानं आमच्या माळांचं जेवढं वाटोळं केलं, तेवढं दुष्काळानंसुद्धा केलेलं नाही, असं माझं मत आहे. ते मत का झालं आणि त्या वाटोळ्यात माझा स्वतःचा हात किती, ते इथं सांगतो.

तीन जागा

त्या सकाळी मी मित्राला तीन जागा दाखवल्या.

पहिली म्हणजे गुडघाभर गवताचा एक तुकडा, साधारण क्रिकेटच्या मैदानाएवढा. उजाडायच्या आत आम्ही लांबच बांधावर बसलो. तो मोबाईल चाळत होता. क्षितिज तांबडं झालं आणि त्या गवतातून एक पक्षी उठला, मग दुसरा, मग पाच-सहा एकदम. लांब पंख, कंबरेएवढ्या उंचीवरून तरंगत जाणारे. हे भोवत्या पक्षी. हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून येतात, दिवसभर माळावर टोळ आणि उंदीर मारतात आणि रात्री सगळे मिळून जमिनीवर, गवतातच झोपतात. झाडावर नाही, जमिनीवर. त्यांच्या लेखी ते गवत म्हणजेच झाड.

दुसरी जागा म्हणजे मुरमाची जुनी खाण. पावसाचं पाणी तिच्यात जानेवारीपर्यंत टिकतं. ऊन जरा वर आलं की तिथं पखुर्ड्या पाण्यावर येतात. आधी नुसता आवाज येतो, मग दहा-बारांचा थवा गोल फिरून उतरतो, घाईघाईत पाणी पितो आणि उडून जातो. विणीच्या दिवसांत या पक्ष्याचा नर पाण्यात पोट बुडवून बसतो. पोटाची पिसं स्पंजासारखी भिजतात. तसाच तो उडत पिल्लांकडं जातो आणि पिल्लं त्या पिसांतून पाणी पितात. हे ऐकून मित्रानं मोबाईल खिशात ठेवला तो पुढचा तासभर बाहेर काढला नाही.

तिसरी जागा म्हणजे ओढ्याच्या दरडीतलं एक बीळ. तोंडाशी कोळ्याचं जाळं, आत पालापाचोळा. "हे काय?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "लांडग्याचं घर होतं." "आता?" मी काही बोललो नाही. त्याबद्दल पुढं लिहितोच.

या तिन्ही जागांचा पत्ता मी इथं देणार नाही. शेवटपर्यंत वाचलंत तर ते का, हे कळेल.

माझा पहिला गुन्हा: खड्डे

२०१९ च्या पावसाळ्यात मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचलो होतो. महाराष्ट्र सरकारची वृक्षलागवड मोहीम तेव्हा ऐन जोरात होती. २०१६ ला २ कोटी झाडांचं लक्ष्य होतं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला थेट ३३ कोटी. एवढी झाडं लावायची तर जागा लागणार. बागायती शेतात कोण लावू देतंय? उसाचा एक सरी कोणी सोडत नाही. मग जागा कुठली? जिथं 'काही नाही' अशी. म्हणजे माळ.

आमच्या कॉलेजच्या बसमधून आम्ही साठ-सत्तर जण गेलो. टीशर्ट मिळाला, वडापाव मिळाला. खड्डे आधीच खणलेले होते, ओळीत, दोरी लावल्यासारखे. आम्ही गिरीपुष्प आणि सुबाभळीची रोपं लावली. ही दोन्ही झाडं मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही.

एका खड्ड्याच्या काठाशी गवताच्या बुंध्यात वाटीएवढं घरटं होतं. दोन अंडी, ठिपक्याठिपक्यांची. एक छोटा मातकट पक्षी आमच्याभोवती सारखा वर जायचा आणि दगड टाकल्यासारखा खाली यायचा. आम्ही त्याचा व्हिडिओ काढला. मागं गाणं टाकून स्टेटसला ठेवला. तो डोंबारी चंडोल होता आणि डोंबाऱ्यासारख्या कोलांट्या मारतो म्हणून त्याचं नावच तसं आहे, हे मला दोन वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी त्या खड्ड्यात रोप लावलं, माती दाबली, भोवती आळं केलं. आळ्याची माती कुठं गेली असेल ते तुम्हीच समजा.

त्या रोपांतली बरीचशी पुढच्या उन्हाळ्यात वाळली. वितभर मुरूम, खाली कातळ, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. दुसरं काय होणार? गिरीपुष्प मात्र जगलं. आज त्या माळावर त्याची दाटी आहे. खाली गवत नाही. चंडोल नाही. लांबून बघितलं तर हिरवंगार दिसतं. ड्रोननं फोटो काढला तर अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभेल.

तिथून जवळच मेंढरं राखणारे एक तात्या मला नंतर भेटले. मी फुशारकीनं सांगितलं, "तात्या, ही झाडं आम्ही लावलीत." तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"तू लावलीस व्हय? बरं झालं सांगितलंस. लई दिस शोधत हुतो कुणी लावली म्हून."

मला वाटलं, आता कौतुक करणार.

"आरं बाबा, ह्या पाल्याला माझी मेंढरं तोंड बी लावत न्हाईत. आन् गवत तर तुमी खाऊन टाकलंत. आता मी मेंढरांना काय तुझा टीशर्ट चारू?"

'पडीक' हा शब्द कुणाचा?

आम्ही त्या जमिनीला 'पडीक' म्हणत होतो. हा शब्द आला कुठून?

महसुलाच्या भाषेतून. ज्या जमिनीतून पीक निघत नाही, सारा मिळत नाही, ती पड. सातबारावर 'पोटखराबा' असा रकानाच आहे. ब्रिटिशांच्या काळात हे हिशेब पक्के झाले, पण साहेब गेला तरी हिशेब गेला नाही. आजही केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं आणि माळरानांचे मोठमोठे तुकडे त्यात 'पडीक' म्हणून रंगवलेले असतात. एकदा का जमीन पडीक ठरली, की तिचं काहीतरी 'केलं' पाहिजे. झाडं लावा, सोलर लावा, प्लॉट पाडा. काहीही करा, पण करा.

मी डेटाबेसवर काम करतो. आमच्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात की 'शून्य' आणि 'नल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे कोणी मोजलंच नाही. माळाच्या रकान्यात नल होतं. सगळ्यांनी ते शून्य म्हणून वाचलं आणि त्या शून्यावर ३३ कोटींचा हिशेब मांडला.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. "पूर्वी इथं घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ झाला. आम्ही जंगल परत आणतोय." ऐकायला छान वाटतं. पण २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांचा 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात एक निबंध आला. त्यांनी पुरावा कुठं शोधला असेल? जुन्या मराठी साहित्यात. चरित्रं, दंतकथा, ओव्या, लोकगीतं. त्यात कुठल्या झाडांची नावं येतात, गवताची, गुरांची, काट्यांची वर्णनं कशी येतात, हे त्यांनी काढलं. निघाली ती बहुतांशी माळावरची काटेरी झाडंझुडपं. त्यांचा निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ माळरानं किमान साडेसातशे वर्षं जुनी आहेत. म्हणजे इंग्रजांच्या लाकूडतोडीच्या कितीतरी आधीची.

जात्यावरच्या बाईला माहीत होतं की हा माळ आहे. मेंढपाळाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला, डिग्री घेतलेल्यांना.

माळाकडं शून्य म्हणून बघण्याची किंमत काय असते ते बघायचं तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात जा. नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं. आज तिथं एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत. आमच्या तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं. क्षेत्र किती? पाच चौरस किलोमीटरहून जरासं जास्त. बाकी चिंकारे, लांडगे, खोकड, तरस हे सगळे राहतात ते अभयारण्याबाहेर. फॉरेस्टात, गायरानात, कुणाच्या तरी पोटखराब्यात. म्हणजे ज्या जागांना आपण पडीक म्हणतो तिथं.

माझा दुसरा गुन्हा: पिन

आता त्या तिसऱ्या जागेबद्दल.

कोरोनात ऑफिस घरून सुरू झालं आणि मी जळोचीला परत आलो. दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी चक्कर. आधी कॅनॉलच्या कडेनं, मग गाडी काढून लांब माळांवर. एका मित्राकडं दुर्बीण होती. तेव्हा पहिल्यांदा माळ दिसायला लागला. २०२१ च्या जानेवारीत ओढ्याच्या त्या दरडीत मला लांडग्याची चार पिल्लं दिसली. लांडगी बाजूच्या टेकाडावर बसून आमच्याकडं बघत होती.

मी काय केलं असेल? फोटो टाकला. लोकेशनसकट. खाली लिहिलं, 'बारामतीचं सीक्रेट'.

चोवीस तासांत मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते तेवढे लाईक मिळाले. पुढच्या शनिवारी तिथं तीन गाड्या होत्या, त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा. कोणी ड्रोन उडवला. कोणी रात्री सर्चलाईट घेऊन आलं. कोणी बिर्याणी आणली आणि उरलेली तिथंच टाकली. बिर्याणीच्या मागं गावातली कुत्री आली. कुत्री हा माळावर किरकोळ विषय नाही. ती रोग आणतात, चिंकाऱ्याच्या पाडसांमागं लागतात. पुण्याजवळच्या माळावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसल्यावर त्यांची जनुकीय तपासणी झाली आणि लांडगा-कुत्र्याच्या संकराचा पुरावा मिळाला. तो शोधनिबंध २०२३ चा. आपण टाकलेल्या खरकट्यावर कुत्र्यांची संख्या वाढते आणि भारतीय लांडगा, जो देशात जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरलाय, तो हळूहळू कुत्रा होत जाण्याची भीती उभी राहते.

पंधरा दिवसांत बीळ रिकामं झालं. पुढच्या हिवाळ्यात मी रोज लांबून बघत होतो. कोणी आलं नाही. आजही तिथं कोळ्याचं जाळं आहे.

'हिडन स्पॉट' या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. ती जागा लपलेली नव्हती. तात्यांना ती बापजाद्यापासून माहीत होती. मेंढ्या उचलून नेणारा प्राणी कुठं राहतो हे मेंढपाळाला माहीत नसेल होय? पण त्यांनी तिकडं कधी लोक आणले नाहीत. मी 'शोध' लावला आणि सहा आठवडेसुद्धा ती जागा टिकली नाही.

माझा तिसरा गुन्हा: गुपित

इथं थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. 'लोकेशन टाकू नका, निसर्ग जपा, धन्यवाद.' असे लेख तुम्ही चिकार वाचले असतील. पण पुढं जे झालं त्यानं मला जास्त शिकवलं.

त्या प्रकारानंतर आम्ही चौघा-पाच जणांनी एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला. नियम एकच. इथलं लोकेशन बाहेर जाता कामा नये. दोन वर्षं तो आम्ही इमानदारीत पाळला. धाविक कुठं अंडी घालतात, पखुर्ड्या कुठं उतरतात, तरस कुठल्या ओढ्यानं जातं, सगळं आमच्या ग्रुपमध्ये. हजारो फोटो. बाहेर एक अक्षर नाही. आम्हाला वाटायचं, आम्ही माळ राखतोय.

२०२३ च्या जूनमध्ये त्यातल्याच एका गायरानावर जेसीबी आला. एका कंपनीचा सीएसआर होता. समतल चर, खड्डे, बोर्ड, बोर्डावर हिरवं पान. गावानं ठराव करून दिला होता. कोणाचीच तक्रार नव्हती. असणार कशी? तिथं काही आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

आम्ही धावत एका कार्यालयात गेलो. तिथले साहेब भले होते. बसवून घेतलं, चहा मागवला, फोटो बघितले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय ते खरं असेल. पण हे कुठं नोंदलंय का? कागद आहे का एखादा?"

कागद नव्हता. आमच्या फोनमध्ये शेकडो जीबी होते आणि जगाच्या रकान्यात नल. ते नल आम्हीच तसं ठेवलं होतं, मोठ्या अभिमानानं.

"मग मी कशावर थांबवू, सांगा," साहेब म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. बाहेर येऊन गाडीला किक मारताना स्वतःचा आला.

त्या दिवशी मला जे कळलं ते असं. बिळाचा पत्ता सांगितला की बीळ जातं. पण माळाचं नाव लपवलं की माळच जातो. पिन टाकणारा आणि गुपित ठेवणारा, दोघंही शेवटी माळाला 'माझी जागा' समजतात. एकाला ती मिरवायची असते, दुसऱ्याला एकट्यानं चाखायची असते. आणि दोघांच्या मधून जेसीबी आरामात जातो.

तुम्ही म्हणाल

तुम्ही म्हणाल, जग तापतंय आणि हा झाडांच्या विरोधात लिहितोय. मी झाडाच्या विरोधात नाही, जागेच्या निवडीच्या विरोधात आहे. गवत कार्बन साठवतं, फक्त ते दिसत नाही. त्याचा मोठा हिस्सा जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो. खड्डे आणि चर खणून आपण तीच माती उलटीपालटी करतो. झाडं लावायचीच असतील तर रस्ते रुंद करताना जिथले वड आणि चिंचा गेल्या त्या रस्त्यांच्या कडेला लावा. बारामती शहरात लावा, शाळांत लावा, बांधावर लावा. आमच्या जळोचीत लावा, सावलीला आम्ही बसू. वड तोडायचा रस्त्यावरचा आणि भरपाई म्हणून रोप लावायचं माळावर, हा एकाच्या खुनाबद्दल दुसऱ्याला फाशी देण्याचा प्रकार झाला.

तुम्ही म्हणाल, गावातल्या माणसाला लांडग्याचं काय कौतुक? बरोबर आहे. मेंढी गेली की तात्याही लांडग्याला शिव्याच देतात. वनखात्याची भरपाई असते, पण पंचनाम्याची दगदग त्यांनाच करावी लागते. तरी 'मारून टाकू का?' असं विचारलं तर तात्या म्हणतात, "त्यो त्याचं खातोय. त्याचा बी वाटा हाय." मी यातून कुठली थोर परंपरा वगैरे सिद्ध करत नाही. एवढंच म्हणतो की ज्याचं नुकसान होतं तो माणूस माळाला रिकामा म्हणत नाही. रिकामा म्हणतात ते ज्यांचं तिथं काहीच जात नाही असे लोक.

आणि तुम्ही म्हणाल, तू कोण मोठा शहाणा? खरंय. माझं घर ज्या जळोचीत आहे तीही माझ्या आजोबांच्या आठवणीत निम्मी माळच होती. माझं शिक्षण झालं ते वडिलांच्या एमआयडीसीतल्या पगारावर, आणि एमआयडीसीही माळावरच उभी आहे. मी माळ खाऊनच इंजिनियर झालोय. म्हणून तर लिहितोय. जे खाल्लं ते शून्य नव्हतं, एवढं तरी आता कबूल करायला नको का?

मग करायचं काय?

नाव सांगा, पत्ता सांगू नका. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते करण्यासारखं आहे.

यासाठी नवं काही शोधावं लागत नाही. आयनॅचरलिस्टवर तुम्ही एखाद्या धोक्यातल्या प्राण्याची नोंद केलीत तर ते संकेतस्थळ खरा बिंदू लोकांना दाखवत नाही. साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी एक बिंदू दाखवतं. ई-बर्डही काही संवेदनशील पक्ष्यांची ठिकाणं लपवतं. म्हणजे नोंद राहते, संशोधकाला उपयोगी पडते, 'या भागात हा प्राणी आहे' हे सिद्ध होतं आणि शनिवारी सर्चलाईट घेऊन येणाऱ्याला काही मिळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा आहे, अॅक्सेस मर्यादित आहे. ऑफिसात आपण ग्राहकाच्या आधार नंबरसाठी एवढी काळजी घेतो, लांडगीच्या पिल्लांसाठी घ्यायला काय हरकत आहे?

दुसरं काम ऑफलाईन आहे आणि जरा कंटाळवाणं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची नोंदवही मागा. त्यात माळाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काहीच नसेल तर लिहायला लावा. गवताची नावं मेंढपाळांकडून घ्या. कुसळी, मारवेल, पवन्या. झाडांची नावं आजीकडून घ्या. हिवर, नेपती, हेकळ, तरवड. पुढच्या वेळी गायरान द्यायचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा तुमच्या हातात कागद असेल. आमच्या हातात नव्हता.

तिसरं, माळ बघायचाच असेल तर सरळ दारातून जा. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि आमच्या शिर्सुफळला वनखात्यानं ग्रासलँड सफारी सुरू केली आहे. ठरलेले रस्ते, ऑनलाइन बुकिंग, गावातलेच गाईड. यात लपलेलं काही नाही, रीलवाल्यांना थरार वाटणार नाही, पण पैसा गावात राहतो आणि गावाला पहिल्यांदा वाटतं की माळ तसाच ठेवण्यातही काही कमाई आहे. वनखात्यानंच गवत दाखवायला तिकीट लावलं, म्हणजे ते शून्य नाही हे सरकारदरबारीही कुठंतरी मान्य झालंय. आता दुसऱ्या हातानं तिथंच खड्डे खणू नयेत एवढीच अपेक्षा.

आणि शेवटचं. येत्या पावसाळ्यात तुमच्या कंपनीचा, कॉलेजचा, सोसायटीचा मेल येईल. वृक्षारोपण, शनिवार सकाळ, नाश्ता आणि टीशर्ट. जाण्याआधी उलट मेल करून एकच प्रश्न विचारा. "तिथं आत्ता काय आहे?" उत्तर 'काही नाही' असं आलं तर बसमध्ये बसू नका. आठ दिवस आधी जाऊन त्या जागेवर चाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जवळपास कोणी मेंढरं राखत असेल तर त्यांना रामराम घालून विचारा. टीशर्ट घालून जाऊ नका, मी अनुभवानं सांगतोय.

माझा तो मित्र परत पुण्याला गेला. पखुर्ड्यांचा एकही फोटो त्यानं कुठं टाकला नाही. पण गेल्या महिन्यात त्याच्या ऑफिसच्या टीमनं वृक्षारोपणासाठी पुण्याबाहेरचं एक टेकाड नक्की केलं, तेव्हा त्यानं मीटिंगमध्ये हात वर करून विचारलं, "तिथं आत्ता काय आहे?" कोणालाच सांगता आलं नाही. कार्यक्रम महिनाभर पुढं ढकललाय. येत्या रविवारी आम्ही दोघं ते टेकाड चालून बघणार आहोत. काय सापडलं ते सांगेन. नेमकं कुठं, ते मात्र नाही.